प्रमाण, नकाशा व आरेखनातील (सातारा–सांगली प्रदेश)

नकाशा किंवा आरेखन यांतील दोन बिंदूंमधील अंतर आणि त्याच दोन बिंदूंमधील प्रत्यक्ष अंतर यांच्या गुणोत्तरास प्रमाण म्हणतात. ते १:५०० असे गुणोत्तराच्या रूपात, ‘१ इंचास २० साखळ्या’ असे शब्दांत किंवा नकाशाच्या कडेला आखलेल्या पट्टीने दर्शवितात. कागदावर काम करणाऱ्या आरेखकाला पहिली रेघ ओढण्यापूर्वीच प्रमाण ठरवावे लागे. संगणकाच्या साहाय्याने आरेखन करताना वस्तू तिच्या पूर्ण मापाने मांडतात व प्रमाणाचा प्रश्न छपाईच्या वेळी उद्‌भवतो. हा बदल सोयीचा आहे यात शंका नाही. तथापि मोठी वस्तू लहान कागदात मावविणे एवढेच प्रमाणाचे कार्य नव्हते. मोजणी किती बारकाईने झाली आहे आणि नकाशावर किती विश्वास टाकावा, हेही त्यावरून कळत असे. संगणकाच्या पडद्यावर ही खूण दिसेनाशी होते. सातारा व सांगली या जिल्ह्यांत सु. पावणेदोनशे वर्षांतील निरनिराळ्या प्रमाणांचे नकाशे आता एकाच आरेखनात एकमेकांवर ठेवले जात असल्यामुळे, शेताचा बांध व नदीची पूररेषा यांसंबंधीच्या वादांत या गोष्टीला महत्त्व आले आहे.

मराठी राज्यात जमिनीची मोजणी होत असे. पण ती प्रमाणबद्ध नकाशासाठी नव्हे, तर आकारणीसाठी. शिवकालात अण्णाजी दत्तो यांनी केलेल्या मोजणीचे साधन काठी हे होते. पाच हात व पाच मुठी ही काठीची लांबी. वीस चौरस काठ्यांचा एक पांड व वीस पांडांचा एक बिघा असे कोष्टक रूढ होते. या मोजणीचे फलित कागदावर आकड्यांत उतरे, आकृतीत नव्हे. मराठ्यांच्या काळातील जे नकाशे उपलब्ध आहेत त्यांत किल्ला, देऊळ, नदी यांचे आकार त्यांच्या महत्त्वानुसार लहानमोठे काढलेले असतात. एकसमान प्रमाण त्यांत सहसा आढळत नाही. अशा नकाशांना सदोष म्हणणे योग्य होणार नाही, कारण त्यांवरून अंतर मोजावे अशी अपेक्षाच नव्हती.

इंग्रजी अमलात दोन वेगवेगळ्या परंपरा सुरू झाल्या. त्यांपैकी पहिली भूमितीय सर्वेक्षणाची होय. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला (त्यांचा मृत्यू १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे झाला). त्रिकोणांच्या या जाळ्यावर आधारलेले भारतीय सर्वेक्षण खात्याचे स्थलवर्णनात्मक नकाशे दीर्घकाळ १ इंचास १ मैल, म्हणजे १:६३,३६० या प्रमाणावर निघत. दशमान पद्धतीनंतर ते १:५०,००० या प्रमाणावर निघू लागले. सातारा शहर ७४° पूर्व रेखावृत्ताला लागूनच असल्यामुळे त्याचा परिसर ४७ जी व ४७ के या दोन पत्रकांत विभागला गेला आहे. सांगली ४७ एल या पत्रकात येते.

दुसरी परंपरा महसुली मोजणीची. पुणे जिल्ह्यातील प्रिंगल यांची मोजणी अयशस्वी झाल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात नवी पद्धत बसविली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यावर ही पद्धत या प्रदेशातही आली. तिचे मुख्य साधन शंकू व साखळी हे होते. शंकू म्हणजे काटकोन साधण्याचे साधे उपकरण. साखळी ३३ फूट लांबीची असून तिचे १६ आणे पाडलेले असत. म्हणजे एक आणा २४·७५ इंचांचा. एक साखळी लांब व एक साखळी रुंद चौरस म्हणजे एक गुंठा (१,०८९ चौ. फुट) आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. रुपयाच्या आण्यांशी जुळणारी ही विभागणी गावकऱ्यांना सहज उमजत असे.

या मोजणीतून दोन प्रकारचे कागद तयार झाले. त्यांतील भेद ध्यानात घेतल्याशिवाय पुढील बऱ्याच गोष्टींचा उलगडा होत नाही. पहिला कागद टिपण हा होय. प्रत्येक सर्व्हे नंबराचे टिपण शेतावरच लिहिले जाई. शेतातून एक मुख्य रेषा घेऊन तिच्यापासून हद्दीच्या प्रत्येक वळणापर्यंत काटकोनात अंतरे घेत आणि ती साखळी–आण्यांत आकृतीवर मांडीत. टिपणातील आकृती प्रमाणात नसते. ती हाताने काढलेली असते व तिच्यातील आकडे हेच तिचे सर्वस्व असते. दुसरा कागद गावनकाशा. तो मात्र प्रमाणबद्ध असून सामान्यतः १ इंचास २० साखळ्या, म्हणजे मैलास ८ इंच किंवा १:७,९२० या प्रमाणावर काढीत. पुढे सर्व्हे नंबरांचे हिस्से पडले तेव्हा त्यांच्या फाळण्या झाल्या आणि १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबरांची जागा गटांनी घेतली. पण मूळ चौकट जुन्याच मोजणीची राहिली.

गावनकाशाच्या प्रमाणात एक गुंठा सु. १·२७ मिमी. बाजूच्या चौरसाएवढा व एक एकर सु. ८ मिमी. बाजूच्या चौरसाएवढा दिसतो. आरेखकाच्या लेखणीची रेघ पाव मिमी. जाडीची धरली, तरी ती जमिनीवर सु. २ मी. (साडेसहा फुट) रुंदीची होते. शंभर मी. लांबीच्या बांधावर एवढी पट्टी म्हणजे जवळजवळ दोन गुंठे. बांध कोरल्याची तक्रार बहुधा याहून लहान पट्टीबद्दल असते. म्हणजे ज्या वस्तूवरून भांडण आहे, ती गावनकाशावर रेघेच्या जाडीतच लुप्त झालेली असते. म्हणूनच भूकरमापक हद्द दाखविताना गावनकाशापेक्षा टिपण व फाळणी यांतील आकड्यांना अधिक मान देतात. गावनकाशा शेताचे स्थान व शेजार सांगण्यासाठी असतो. बांध दाखविण्यासाठी नव्हे.

याशिवाय कागद स्वतःच माप बदलतो. दमट हवेत तो फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो; घडीवर फाटतो, कापडावर चिकटविताना ताणला जातो आणि त्याच्या उभ्या व आडव्या दिशांतील बदल सारखा नसतो. कागद दोन्ही दिशांनी शेकडा एक आक्रसला, तर लांबी शेकडा एकने पण क्षेत्र जवळजवळ शेकडा दोनने घटते. एकराचे ४० गुंठे नकाशावरून मोजता सु. ३९·२ भरतात. ‘१ इंचास २० साखळ्या’ हे लेखी वाक्य अशा कागदावर खोटे ठरते. कडेला आखलेली प्रमाणपट्टी मात्र कागदाबरोबरच आक्रसत असल्याने उपयोगी राहते. जुने आरेखक कागदावर लिहिलेल्या गुणोत्तरापेक्षा पट्टीवर भरवसा ठेवीत, तो यामुळे. नकाशा लहानमोठा करण्यासाठी ते पँटोग्राफ हे जोडदांड्यांचे उपकरण वापरीत. क्रिस्टोफ शायनर यांनी ते सतराव्या शतकाच्या आरंभी शोधून काढले. त्याने नकाशा मोठा होई; पण त्याबरोबर मूळ रेघेतील चूकही तेवढ्याच पटीने मोठी होई.

यंत्रशाळांतील आरेखनात प्रमाणाचा विचार निराळ्या रीतीने करावा लागे. सध्याच्या सांगली जिल्ह्यात, पण त्या वेळी औंध संस्थानच्या हद्दीत, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तिचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर हे त्याआधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्र-आरेखनाचे शिक्षक होते. नांगरासारखे बिडाचे भाग ओतताना आरेखनातील माप फर्म्याला जसेच्या तसे देता येत नाही. ओतलेले बीड थंड होताना लांबीत सु. शेकडा एक आक्रसते. म्हणून ओतशाळांतील फर्मेकारांच्या पट्टीवरील एक फूट खऱ्या फुटाहून सु. एक अष्टमांश इंच मोठा असतो. आरेखनात १:१ लिहिलेले असले, तरी फर्मा १:१ नसतो आणि हे गुणोत्तर कागदावर कोठेही लिहिलेले नसते. ते पट्टीतच असते. एखादे प्रमाण साधनात लपून राहण्याचा हा प्रकार पुढे संगणकाच्या बाबतीतही दिसून येतो.

स्वातंत्र्योत्तर काळात सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय (१९४७, पुढे वालचंद महाविद्यालय) व कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) यांतून आरेखक व अभियंते शिकून निघू लागले. एम १ ते एम ८ अशा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा संच, टी चौकोनी पट्टी व टोकदार पेन्सिल ही त्यांची सामग्री. संस्थानांचे विलीनीकरण, १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नव्या जिल्ह्याची निर्मिती व १९६० मध्ये त्याचे सांगली असे नामांतर या घडामोडींच्या आगेमागेच १९५६ च्या वजने-मापे कायद्यान्वये दशमान पद्धती आली. एकर–गुंठ्याच्या जागी हेक्टर–आर आले. एक गुंठा म्हणजे १०१·१७ चौ. मी. व एक आर म्हणजे १०० चौ. मी. हा फरक एका गुंठ्यास क्षुल्लक वाटतो. शंभर गुंठ्यांस तो एका गुंठ्याहून अधिक होतो. नवे गावनकाशे १:५,००० व १:१०,००० यांसारख्या प्रमाणांवर, तर नगर भूमापनाचे नकाशे मुख्यतः १:५०० या प्रमाणावर काढण्यात येऊ लागले. फलकयंत्रावर केलेल्या शेतमोजणीत प्रमाण साधारणतः १:१,००० असे. या शेवटच्या प्रमाणात पाव मिमी.ची रेघ २५ सेंमी.ची ठरते, हे गावनकाशाशी ताडून पाहण्यासारखे आहे.

पाटबंधाऱ्यांच्या कामात आणखी एक अडचण येते. कराडजवळील खोडशी बंधाऱ्यावरून निघालेला कृष्णा कालवा काय, किंवा टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे कालवे काय, त्यांचा उतार अत्यल्प असतो. समजा, १० किमी. लांबीच्या कालव्यात पाणी २ मी. उतरते. १:५,००० प्रमाणात त्याची लांबी २ मी. येईल, पण उतार केवळ ०·४ मिमी. येऊन दिसणारच नाही. यास्तव लांबीच्या छेदात आडवे प्रमाण १:५,००० व उभे १:५० असे दोन वेगळे घेतात; मग तोच उतार ४ सेंमी. दिसतो. असा छेद पाहणाऱ्यास सपाट माळ डोंगरासारखा भासतो. परंतु दोन्ही प्रमाणे कागदाच्या कोपऱ्यात लिहिलेली असल्याने अभियंता फसत नाही.

संगणकीय आरेखनाची सुरुवात आयव्हन सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’ (१९६३) या आज्ञावलीने झाली असे मानतात. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील हे काम एका अजस्र संगणकावर झाले होते. पडद्यावरील आकृती हवी तेवढी मोठी करून पाहण्याची सोय त्यातच होती. सर्वसामान्य कार्यालयांना परवडेल असे आरेखन १९८२ मध्ये ऑटोडेस्क कंपनीच्या ऑटोकॅडमुळे शक्य झाले. पुढे संगणक स्वस्त होत गेले तसे वास्तुविशारद, नगररचना व पाटबंधारे कार्यालये आणि यंत्रकारखाने यांतून आरेखनफळे हळूहळू मागे पडली.

या पद्धतीचा मूलभूत नियम असा, की आकृती पूर्ण मापाने काढावी. बारा मी.ची भिंत १२ किंवा १२,००० एककांची काढतात. एकक मीटर की मिलिमीटर हे आरेखकाने ठरवावयाचे. संगणकाला केवळ संख्या कळते. एकाने मीटरमध्ये व दुसऱ्याने मिलिमीटरमध्ये काढलेली दोन आरेखने एकत्र आणली, तर एक दुसऱ्याच्या हजारपट होते. एवढी मोठी चूक लगेच ध्यानात येते. लहान गुणक अधिक घातक असतात. गुंठा म्हणजे एक आर असे समजून केलेल्या रूपांतरात लांबीतील चूक अवघी शेकडा अर्ध्याहून थोडी अधिक असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

छपाईच्या वेळी प्रमाण परत येते. आकृती १:१०० प्रमाणात छापावयाची असेल व अक्षरे कागदावर २·५ मिमी. उंचीची हवी असतील, तर ती आकृतीत २५० मिमी. उंचीची लिहावी लागतात. तुटक रेषांतील खंड, बाणांची टोके, मापांचे आकडे या सर्वांना हाच हिशेब लागू पडतो. तीच आकृती पुढे १:५० मध्ये छापली, की सर्व अक्षरे दुप्पट मोठी होतात. ही अडचण दूर करण्यासाठी १९९० मध्ये ऑटोकॅडच्या अकराव्या आवृत्तीत आकृतीचे अवकाश व कागदाचे अवकाश अशी विभागणी करण्यात आली. वस्तू पहिल्यात पूर्ण मापाने राहते. दुसऱ्यात कागदाच्या मापाची चौकट असते व त्या चौकटीत खिडक्या पाडून प्रत्येक खिडकीला वेगळे प्रमाण देता येते. एकाच कागदावर गावठाणाचा भाग १:५०० व सबंध शिवार १:५,००० असे दाखविणे त्यामुळे सोपे झाले. प्रमाणानुसार आपोआप लहानमोठी होणारी अक्षरे २००७ मध्ये आली. कालव्याच्या लांबीच्या छेदासाठी मात्र उंचीचे आकडे शंभराने गुणून मांडण्याची जुनी युक्ती बरेच आरेखक अजूनही वापरतात. अशा आकृतीवर माप घेतले, तर संगणक गुणलेलेच माप निमूटपणे सांगतो.

जुने नकाशे संगणकात आणताना अधिक काळजी घ्यावी लागते. राष्ट्रीय भूमि अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमामुळे (२००८) गावनकाशांच्या अंकीकरणास चालना मिळाली. नकाशाची क्रमवीक्षित प्रतिमा आरेखनात आणून, दोन ओळखीच्या बिंदूंमधील खरे अंतर सांगून ती ताणतात व तिच्यावरून रेघा गिरवितात. इंचास ३०० बिंदू या सूक्ष्मतेने घेतलेल्या प्रतिमेत १:७,९२० प्रमाणातील एक बिंदू जमिनीवर सु. ६७ सेंमी.चा असतो. कागद एका दिशेने अधिक आक्रसला असेल, तर एकाच गुणकाने ताणलेली प्रतिमा दुसऱ्या दिशेत चुकते; चारही कोपरे वेगवेगळे ओढून ती बसविली, तर कोपरे जुळतात व मधले बांध सरकतात. शेजारशेजारच्या गावांचे नकाशे स्वतंत्रपणे साखळीने मोजलेले व त्रिकोणमितीय जाळ्याशी न जोडलेले असल्याने त्यांच्या शिवा एकमेकींस भिडत नाहीत. कोठे फट पडते, कोठे एक नकाशा दुसऱ्यावर चढतो. ही फट जमिनीवर नसते. इतके करून तयार झालेल्या रेघेचे सहनिर्देशक संगणक दशांशाच्या अनेक स्थळांपर्यंत दाखवितो. पडद्यावर ती कितीही मोठी केली तरी केसासारखी बारीकच राहते. कागदावरील जाड रेघ निदान आपली मर्यादा सांगत असे.

याउलट टिपणाला संगणकाचा मोठा लाभ झाला आहे. टिपणातील साखळ्या व आणे मीटरमध्ये रूपांतरित करून आकृती पूर्ण मापाने काढली, तर ती कोणत्याही प्रमाणातून गेलेली नसते. शेजारच्या दोन टिपणांत सामाईक बांधाची दोन वेगळी मापे आढळली, तर तेही लगेच उघड होते. दीडशे वर्षांपूर्वी शेतात उभे राहून लिहिलेले आकडे सुबक गावनकाशापेक्षा या नव्या साधनाला अधिक जवळचे ठरावेत, ही गोष्ट लक्षणीय आहे.

उपग्रहांच्या साहाय्याने मोजणी होऊ लागल्यापासून प्रमाणाचा एक सूक्ष्म प्रकार पुढे आला आहे. सहनिर्देशक बहुधा यूटीएम प्रक्षेपणात घेतात. या प्रदेशाच्या पट्ट्याचे मध्यरेखावृत्त ७५° पूर्व हे असून ते सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातून जाते. या रेखावृत्तावर प्रक्षेपण अंतरे ०·९९९६ पट करते. तेथून पश्चिमेकडे जावे तसतशी ही घट कमी होते. परिणामी आरेखनातील किलोमीटर सांगली शहराजवळ सु. ३७ सेंमी.ने व साताऱ्याजवळ सु. २६ सेंमी.ने अपुरा पडतो. उंचीमुळे होणारा फरक यापुढचा. सांगलीजवळ हेक्टरमागे ही तूट सु. ७ चौ. मी. येते. एका शेताच्या बांधात ती जाणवत नाही. फितीने मोजलेल्या लांब कालव्याचे वा रस्त्याचे आरेखन उपग्रहमोजणीवर ठेवले, की टोके जुळत नाहीत आणि दोष मोजणाऱ्यास दिला जातो. फर्मेकाराच्या पट्टीप्रमाणे येथेही गुणक साधनातच दडलेला असतो. फरक इतकाच, की फर्मेकाराला तो ठाऊक असे.

कृष्णेच्या पुरामुळे सांगलीत हा विषय शेताबाहेर पडून घरांपर्यंत पोहोचला आहे. आयर्विन पुलाजवळ (१९२९) ऑगस्ट २०१९ मध्ये पाण्याची पातळी ५७ फुटांहून अधिक नोंदली गेली. २००५ व २०२१ मध्येही मोठे पूर आले. पूररेषा दोन आखतात : साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी व १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामास प्रतिबंध असल्याने रेषा घराच्या कोणत्या बाजूने जाते यावर त्या घराचे मोल ठरते. पण पूररेषा ही मुळात पाण्याची एक उंची असते. तिची नकाशावरील जागा जमिनीच्या चढावरून काढतात. नदीकाठची जमीन ५०० मी.त १ मी. चढत असेल आणि उंचीच्या मोजणीत अर्ध्या मी.ची अनिश्चितता असेल, तर रेषा २५० मी. इकडेतिकडे होऊ शकते. अशी रेषा १:५०० प्रमाणाच्या नगर भूमापन नकाशावर उतरविली, तर तेथे ती अर्ध्या मी.हून अधिक जाड अशी कागदाच्या चौकटीएवढी पट्टी व्हावयास हवी; प्रत्यक्षात ती एका घराचा ओटा कापून जाणारी बारीक रेघ म्हणून छापली जाते.

गावठाणांच्या मोजणीसाठी ड्रोनचा वापर पुणे जिल्ह्यातील सोनोरी येथील प्रयोगानंतर वाढला व २०२० मध्ये केंद्र शासनाने स्वामित्व योजना सुरू केली. तिचे नकाशे १:५०० या प्रमाणाचे असतात. शेतमोजणीतही साखळी व फलकयंत्र यांची जागा इलेक्ट्रॉनिक स्थानकाने आणि उपग्रहग्राहकाने घेतली आहे. मोजणीचा नकाशा आता संगणकातून छापून मिळतो व त्याच्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलेले असते. मात्र ते प्रमाण छपाईचे असते. त्यातील कोणती रेघ उपग्रहमोजणीतून, कोणती टिपणातून व कोणती गावनकाशा गिरवून आली आहे, हे कळण्यासाठी प्रत्येक प्रकारची रेघ वेगळ्या थरात ठेवणे व त्या थराच्या नावातच मूळ कागदाचे प्रमाण आणि मोजणीचे वर्ष नोंदविणे ही रीत काही काळजीवाहू आरेखक पाळतात.